ओहायोतली हरणाची शिकार: स्ट्रेट-वॉल काडतूस कोणतं घ्यावं?

वाचकाचं पत्र

स.न.वि.वि.

आम्ही मूळचे नाशिकचे, गेली काही वर्षं ओहायोत कोलंबसजवळ राहतो. मी आणि पत्नी, दोघंही ग्रीन कार्डवर. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची चाळीस एकर जमीन आहे. मका-सोयाबीनचं शेत आणि कडेला झाडी. या वर्षी बंदुकीच्या हंगामात हरणासाठी यायचं आमंत्रण त्याने दिलंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स दोघांनी पूर्ण केला. आता रायफल घ्यायची आहे आणि तिथेच गाडी अडली आहे. दुकानदार ४५० बुशमास्टर घ्या म्हणतो, ऑफिसातला एक जण ४५-७०वर अडून बसलाय, शेजारी म्हणतो त्याच्याकडची जुनी ३०-३० वापरा. झाडीच्या कडेला हरीण ६० ते ८० यार्डांवर येतं, शेताचं पलीकडचं टोक १७० यार्डांवर आहे. एकाच रायफलीवर दोघांना शिकायचं आहे. पत्नीची उंची पाच फूट एक इंच. स्कोपसकट खर्च ९०० डॉलरच्या आत बसवायचा आहे. माझा धाकटा भाऊ मिशिगनमध्ये कॅलमाझूला एच-१बीवर असतो, पुढच्या वर्षी त्याच्याकडेही हीच रायफल न्यायचा विचार आहे. काय घ्यावं?

— एक वाचक, कोलंबस

उत्तर

नमस्कार.

अंतर, जमीन, खांदा आणि खिसा, चारही गोष्टी तुम्ही पत्रातच लिहिल्यात, त्यामुळे सरळ सांगता येतं: ३५० लेजंड या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्टची मूठ मागे-पुढे करून भरायची) रायफल घ्या. आता याची कारणं. त्यातली निम्मी कायद्यात आहेत आणि निम्मी खांद्यात.

आधी शेजाऱ्याची ३०-३० बाजूला ठेवा. काडतूस उत्तम आहे, शंभरहून जास्त वर्षं अमेरिकेत हरणासाठी वापरलं जातंय, पण ओहायोत हरणावर चालत नाही. इथे रायफलीचं काडतूस सरळ भिंतीचं (स्ट्रेट-वॉल) हवं, म्हणजे त्याची पितळी केस गळ्याशी आवळलेली नको, आणि गोळीचा व्यास ०.३५७ ते ०.५० इंचांच्या दरम्यान हवा. ३०-३०ची केस वरच्या बाजूला किंचित आवळलेली असते. लांबून बघितलं तर सरळच वाटते, पण आवळलेल्या जागी केसला खांदा आहे म्हणजे आहे. शिवाय गोळी ०.३०८ इंचांची. दोन्ही अटींवर ती बाद होते. शेजाऱ्याने प्रेमाने दिली तरी घेऊन जाऊ नका. दंड आणि लायसन्सचा प्रश्न तुमच्या गळ्यात येईल.

हा नियम मुळात का आला, ते समजलं की निवड सोपी होते. ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग, आयोवा, इलिनॉय हा सगळा सपाट शेतीचा मुलूख. झाडीच्या पलीकडे कुणाचं तरी घर असतंच. म्हणून इथे वर्षानुवर्षं हरणासाठी मुख्यतः शॉटगनचा स्लग (एकच जाड गोळी) किंवा मझललोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) चालायचा. बाटलीसारखा गळा असलेल्या काडतुसात मोठ्या केसमधली दारू लहान गोळीच्या मागे लागते, ती गोळी फार वेगाने आणि फार लांब जाते. सरळ केसमध्ये तसं होत नाही. गोळी जाड, वेग बेताचा, आणि दीडदोनशे यार्डांनंतर ती झपाट्याने खाली येऊ लागते. ओहायोने २०१४मध्ये अशा रायफलींना परवानगी दिली, आयोवाने २०१७मध्ये, इलिनॉयने २०२३पासून फक्त एकेरी फैरीच्या रायफलींना. स्लगपेक्षा नेम अचूक आणि धक्का कमी, म्हणून लोक पटापट इकडे वळले.

पण एक गैरसमज इथेच काढून टाका. ‘जवळ मारा करणारी’ म्हणजे ‘जवळच थांबणारी’ नव्हे. नेम चुकून वर गेलेली ३५०ची गोळीही मैलभर जाऊ शकते. तुमच्या शेतासारख्या सपाट जागेत झाडावर किंवा उंच मचाणावर बसणं म्हणूनच चांगलं. गोळी खालच्या दिशेने जाते आणि हरणाच्या मागे माती असते. हरणाच्या मागे नुसतं आकाश दिसत असेल तर गोळी झाडायची नाही. मग हरीण कितीही मोठं असो.

आता मिशिगन. तिथल्या दक्षिण भागासाठी जो नियम चालत आला आहे, त्यात व्यासाबरोबर केसची लांबीही मोजतात: गोळी ०.३५ इंच किंवा जास्त, आणि केस १.१६ ते १.८० इंच. या एका अटीवर ४५-७० बाहेर पडतं, कारण त्याची केस २.१०५ इंचांची आहे. ४४४ मार्लिनचं तेच, २.२२५ इंच. ३५० लेजंड १.७१ इंच, ४५० बुशमास्टर १.७० इंच, दोन्ही बसतात. ३६० बकहॅमर तर बरोबर १.८० इंचांवर थांबवलंय, ते या नियमाकडे बघूनच. मिशिगनमध्ये या क्षेत्राच्या नियमांवर पुन्हा पुन्हा चर्चा होते, म्हणून जायच्या वर्षीची अधिकृत पुस्तिका उघडून बघा. दुकानदाराच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

तर प्रत्यक्ष उमेदवार.

४५-७० हे १८७३ सालचं लष्करी काडतूस. त्याच्याभोवती वलय आहे आणि ते खोटं नाही. आधुनिक भरणीत ३२५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २०५० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, ऊर्जा ३००० फूट-पाउंडांच्या आसपास (बंदुकीचा धक्काही याच मापात मोजतात). व्हाइटटेल हरणाला याची गरज नसते, आणि ७ पाउंडांच्या रायफलीत धक्का जवळजवळ ३४ फूट-पाउंड बसतो. पारंपरिक ४०५ ग्रेनची, १३३० फूट वेगाची भरणी घेतली तर खांदा वाचतो, पण १०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे स्कोपचा नेम त्या अंतराला जुळवलेली, ती गोळी २०० यार्डांवर दोन फूट खाली असते. शिवाय जुन्या ट्रॅपडोर रायफलींसाठीची सौम्य काडतुसं आणि नव्या मजबूत रायफलींसाठीची जोरकस काडतुसं एकाच नावाने मिळतात. सौम्य म्हणजे २८,००० पीएसआयच्या मर्यादेतली. जोरकस काडतूस जुन्या रायफलीत गेलं तर रायफल फुटू शकते. नवशिक्याने पहिल्याच वर्षी या भानगडीत पडू नये. आणि मिशिगनचा प्रश्न आहेच.

४५० बुशमास्टर २००७मध्ये बाजारात आलं. २५० ग्रेनची गोळी, २२०० फूट वेग, नळीच्या तोंडाशी २७०० फूट-पाउंडांच्या जवळ. २०० यार्डांवरही साधारण १३०० उरतात. कागदावर हे सगळ्यात देखणं आणि दुकानदार खोटं बोलत नाही. पण ७ पाउंडांच्या रायफलीत याचा धक्का सुमारे २२ फूट-पाउंड, ३५० लेजंडच्या अडीच पट. बऱ्याच ४५०च्या रायफलींना तोंडाशी मझल ब्रेक लावलेला असतो. त्याने धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. मचाणावर शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाला तो इजा करू शकतो. आणि सरावासाठीची स्वस्त काडतुसं ४५०मध्ये जवळजवळ मिळत नाहीत. मग माणूस दहा गोळ्या झाडतो, खांदा चोळतो आणि ‘झाला सराव’ म्हणतो. चौथ्या-पाचव्या गोळीपासून डोळे मिटायला लागतात, ट्रिगर ओढला न जाता झटकला जातो. ही सवय एकदा लागली की वर्षभर जात नाही. हरीण जखमी होऊन निसटतं त्यामागे काडतुसाचा कमीपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा हा झटकाच असतो.

४४ मॅग्नम मूळ पिस्तुलाचं. लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून भरायच्या) रायफलीत २४० ग्रेन, साधारण १७६० फूट वेग. १०० यार्डांपर्यंत झाडीत छान काम करतं, पण तुमचं शेत १७० यार्डांचं आहे, म्हणून सोडून द्या. २०२३ साली आलेलं ४०० लेजंड मात्र विचार करण्यासारखं: २१५ ग्रेन, २२५० फूट, धक्का १८ फूट-पाउंडांच्या घरात. अडचण एवढीच की त्याच्या रायफली आणि काडतुसांचे प्रकार अजून मोजके आहेत. नोव्हेंबरात लहान गावच्या दुकानात ते नसेल, ३५० असेल.

३६० बकहॅमर हेही २०२३चं. ३०-३०चीच केस सरळ करून रेमिंग्टनने ते बनवलं. केसला खाली कड असल्यामुळे लिव्हर-ॲक्शनला फार सुरेख जमतं. १८० ग्रेन २४०० फुटांनी, २०० ग्रेन २२०० फुटांनी, धक्का १५च्या आसपास. तुमच्या दोघांपैकी कुणाचं मन लिव्हरच्या रायफलीवरच बसलं असेल तर डोळे झाकून हे घ्या. फक्त लिव्हर-ॲक्शनच्या नळीसारख्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी राहतात, एकाची गोळी पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीला, टेकते. तिथे कडक टोकदार गोळी घातली तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझीनमध्येच उडू शकतं. चपट्या नाकाची, किंवा मऊ रबरी टोक असल्याचं खोक्यावर लिहिलेलीच काडतुसं वापरायची. लिव्हरची रायफल ९०० डॉलरमध्ये स्कोपसकट बसवणं मात्र अवघड जाईल.

आणि ३५० लेजंड. विंचेस्टरने २०१९मध्ये आणलं. नावात ३५० असलं तरी गोळी ०.३५७ इंचांची धरलेली आहे, म्हणून ओहायोच्या किमान मर्यादेत बरोबर बसतं. १५० ग्रेनची गोळी २३२५ फूट वेगाने, ऊर्जा १८०० फूट-पाउंड. धक्का ७ पाउंडांच्या रायफलीत ९ फूट-पाउंडांच्या आसपास, म्हणजे २४३ विंचेस्टर या काडतुसाइतका. पाच फूट एक इंच उंचीचं माणूस एका बैठकीत वीस-पंचवीस गोळ्या झाडून हसत उठेल. तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

उणीव कुठे आहे तेही सांगायला हवं. १०० यार्डांवर सुमारे १३०० फूट-पाउंड, २०० यार्डांवर सुमारे ९०० उरतात. हरणासाठी १००० फूट-पाउंडांचा एक जुना ठोकताळा आहे. तो काही दगडावरची रेघ नव्हे, पण त्या हिशेबाने ३५० लेजंडची हद्द १७० यार्डांच्या आसपास येते. छोट्या १६ इंची नळीत वेग आणखी थोडा कमी होतो. म्हणून पहिल्या दोन हंगामांत तुमची हद्द १५० यार्ड धरा. शेताच्या पलीकडच्या टोकाला उभं असलेलं हरीण तुमचं नाही, त्याला जवळ येऊ द्या. तुम्हीच लिहिलंय की ती ६० ते ८० यार्डांवर येतात. त्या अंतरावर ३५० आणि ४५०मध्ये हरणाला फरक कळत नाही, तुमच्या खांद्याला कळतो.

काडतुसांच्या खोक्यांतही गफलती होतात. १४५ ग्रेनचं पूर्ण तांब्याच्या आवरणाचं, ज्याला एफएमजे म्हणतात, ते स्वस्त आणि सरावापुरतं. ती गोळी हरणाच्या अंगात फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि हरीण लांबवर पळू शकतं. २५५ ग्रेनचं सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाचं) काडतूसही मिळतं, वजन बघून लोकांना ते ‘जड म्हणजे चांगलं’ वाटतं. त्याचा वेग १०६० फूट, ऊर्जा जेमतेम साडेसहाशेच्या खाली. सायलेन्सर लावून कमी आवाजात झाडण्यासाठी ते आहे, तुमच्यासाठी नाही. हरणासाठी १५० ते १८० ग्रेनची फुलणारी गोळी हवी. विंचेस्टरची डिअर सीझन १५० ग्रेन, हॉर्नडीची अमेरिकन व्हाइटटेल १७० ग्रेन, फेडरलची पॉवर-शॉक १८० ग्रेन यांतली दोन तरी आणून बघा. ३५०च्या रायफली याबाबतीत लहरी असतात. एकच रायफल एका काडतुसावर १०० यार्डांवर सव्वा इंचात तीन गोळ्या घालते आणि दुसऱ्यावर चार इंच पसरवते. रायफल खराब आहे असं त्यावरून ठरवू नका. जे काडतूस जमलं त्याची पाच खोकी एकाच लॉटची घेऊन ठेवा. लॉट नंबर खोक्याच्या झाकणाच्या आत किंवा बाजूला छापलेला असतो. घरात मांस लहान मुलं खाणार असतील तर शिसं नसलेली, अखंड तांब्याची गोळी निवडा. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात लांबवर पसरतात.

ऑफिसमधला कुणी घरी भरलेली काडतुसं देऊ करेल. नम्रपणे नाही म्हणा. ४५-७० किंवा बकहॅमर चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) खालच्या कडेवर टेकतं, पण ३५० आणि ४५० टेकतात केसच्या वरच्या तोंडावर. भरताना ते तोंड गोळीत जास्त दाबलं गेलं की काडतूस चेंबरमध्ये हवं त्याहून खोल जातं आणि फायरिंग पिन नीट पोहोचत नाही. नुसता ‘टक्’ आवाज येतो. हरीण समोर असताना हे होणं वाईट, आणि ‘टक्’ झाल्यावर घाईने बोल्ट उघडणं त्याहून वाईट. कधीही असं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, मगच उघडायचं.

रायफल कोणती? रूगर अमेरिकन रँच, मॉसबर्ग पेट्रियट, विंचेस्टर एक्सपीआर ही तिन्ही ३५० लेजंडमध्ये मिळतात. रूगर लहान नळीची आणि हलकी, मचाणावर सोयीची. विंचेस्टरची नळी लांब, आवाज थोडा कमी, वेग थोडा जास्त. आणखी पैसे वाचवायचे तर एकेरी फैरीची सीव्हीए स्काउट. दुसऱ्या फैरीचा मोह नसतो आणि सुरक्षा शिकायला ती फार चांगली. रायफलीवर ५५० डॉलरपर्यंत, स्कोप आणि रिंगांवर २००, उरलेले काडतुसं, कानाची मफ आणि नारिंगी जॅकेट. ३-९×४० स्कोप पुरतो. झाडीत तो तीनवरच ठेवायचा. नऊवर ठेवलेल्या स्कोपमधून ६० यार्डांवरचं हरीण म्हणजे नुसती करडी भिंत दिसते.

ओहायोत हरणाच्या बंदूक हंगामात मॅगझीन आणि चेंबर मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत. मॅगझीन पाचाचं असेल तरी भरायची तीनच. आणि ३५०साठी त्याचंच मॅगझीन लागतं. २२३ हे वेगळं, बारीक गोळीचं काडतूस. त्याचं एआर प्रकारचं मॅगझीन रायफलीत चपखल बसतं, म्हणून काडतूसही त्यात चालेल असं वाटतं. पण ३५०ची केस जाड, ती तिरकी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकते. दोन्ही काडतुसांची खालची कड सारख्या मापाची आहे, त्यामुळे गफलत होऊ शकते. घरात कधी २२३ आलीच तर दोन्ही एका पिशवीत किंवा एका खिशात ठेवायची नाहीत.

पत्नीसाठी दुकानातच एक तपासणी करा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोहोचलं पाहिजे. साधारण दस्ता साडेतेरा इंचांचा असतो, त्यांना साडेबारा ते तेरा लागेल. दस्ता लांब पडला की माणूस मागे झुकतो, गाल स्कोपपासून चुकीच्या जागी येतो आणि कमी धक्क्याची रायफलही भुवईवर आपटते. मधल्या तबकड्या काढून लांबी कमी-जास्त करता येणारा किंवा ‘कॉम्पॅक्ट’ दस्ता बघा. तुम्ही दोघं वापरणार असाल तर स्कोप तुमच्या नव्हे, त्यांच्या डोळ्याच्या हिशेबाने बसवा. डोळ्यापासून साडेतीन इंचांचं अंतर सुटायला हवं.

झीरो करण्याची पद्धत नीट पाळा, इथे घाई फार महागात पडते. पहिली फैर १०० यार्डांवर कधीच नको. २५ यार्डांवर मोठा पुठ्ठा लावा, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवा आणि तीन गोळ्या झाडा. तिन्हींचा मध्य धरा, एखाद्या गोळीच्या मागे लागू नका. बहुतेक स्कोपचं एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतं, म्हणजे २५ यार्डांवर एका इंचाला १६ क्लिक लागतात. नवशिके इथेच चार क्लिक फिरवून ‘स्कोप बिघडलाय’ म्हणतात. स्कोप नळीच्या दीड इंच वर असेल तर ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी २५ यार्डांवर नेमकी मध्यात आणली की ती १०० यार्डांवर दीड ते दोन इंच वर, १५० यार्डांवर पुन्हा मध्यात आणि १७० यार्डांवर दीड इंच खाली लागते. २०० यार्डांवर ती चार इंच खाली गेलेली असते. हरणाचं काळीज-फुप्फुसाचं वर्तुळ साधारण आठ इंचांचं. म्हणजे १५० यार्डांपर्यंत तुम्हाला वर-खाली काही हिशेब करायचा नाही, मध्यावर धरायचं आणि झाडायचं. पण हे आकडे गणितातले. १०० यार्डांवर स्वतः जाऊन, शिकारीच्याच काडतुसाने, थंड नळीने तपासल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नका. सरावाचं एफएमजे आणि शिकारीचं काडतूस एकाच जागी लागत नाहीत, कधी दोन-दोन इंचांचा फरक येतो. गोळ्या एकाएकी पसरायला लागल्या तर आधी स्कोपच्या रिंगांचे स्क्रू बघा, मग दस्त्याचे. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडतो. तीन-चार गोळ्यांनंतर नळी हाताला गरम लागली की पाच-दहा मिनिटं बोल्ट उघडा ठेवून थांबा.

झीरो झाला की टेबल सोडा. बहुतेक लोक टेबलावर सगळी काडतुसं संपवतात, आणि शेतात टेबल नसतं. आठ इंचांचं वर्तुळ लावा आणि बसून, गुडघ्यावर, मचाणाच्या कठड्यासारख्या आधारावरून झाडा. ५० यार्डांपासून सुरुवात करा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या वर्तुळात पडतात, ते तुमचं अंतर. तुमचं १२० आणि पत्नीचं ९० निघालं तर शेतात तेच पाळायचं. दोघांची अंतरं वेगळी असणं अगदी साधारण आहे. महिनाभर आधी सुरू करा. पहिल्या वर्षी दोघांत मिळून १०० ते १२० फैरी होऊ द्या, त्यातल्या तीसेक तरी शिकारीच्या काडतुसाच्या.

नेम कुठे? हरीण पूर्ण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. मचाणावरून गोळी तिरकी खाली जाते, म्हणून जिथून बाहेर पडावी तिथला विचार करून किंचित वर धरा. हरीण तोंड करून समोर उभं असेल किंवा पाठमोरं असेल तर थांबा. ३५० लेजंड समोरासमोरच्या हाडातून मार्ग काढेल या भरवशावर राहू नका. गोळीनंतर हरीण पळालं तरी तीस मिनिटं मचाण सोडू नका. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त दिसलं तर ते फुप्फुस, जवळच पडलेलं असेल. गडद लाल रक्त असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट, घाण वास असलेला द्रव दिसला तर सहा-आठ तास लागतील, आणि तेव्हा अनुभवी माणसाला बरोबर घ्या.

आता भावाची गोष्ट, आणि ही नीट वाचा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. स्वतःची असो, उसनी असो, शूटिंग रेंजवरची असो. यातला मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही अमेरिकी राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपलेली असेल त्या दिवशी अपवादही संपतो. म्हणून भावाने आधी मिशिगनचं हंटर एज्युकेशन करावं, लायसन्स काढावं, प्रत जवळ ठेवावी आणि मगच रायफलीला हात लावावा. ‘जरा धरून बघ’ म्हणून घरातही देऊ नका. हा गुन्हा फेडरल आहे आणि त्याचा परिणाम थेट व्हिसावर होतो. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्यावं. तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर असल्यामुळे ही अट तुम्हाला लागत नाही.

शेतकऱ्याची परवानगी लेखी घ्या. ओहायोत खाजगी जमिनीवर ती लागतेच, मैत्री पुरत नाही. हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नारिंगी जॅकेट किंवा बंडी सगळ्यात वर, कोटाच्या आत नाही. महाराष्ट्रात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद असल्यामुळे घरात विचारायला कुणी नसतं, म्हणून पहिल्या दिवशी त्या शेतकऱ्याला किंवा त्याच्या एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला बरोबर घ्या. हरीण पडल्यावर ते कापणं, स्वच्छ करणं आणि लवकर थंड करणं हे पुस्तक वाचून हाताला येत नाही. ऑगस्टच्या शेवटी काडतुसांची खरेदी उरका. नोव्हेंबरच्या मध्यावर दुकानाच्या मांडणीवर ३५०ची नेमकी तीच खोकी नसतात जी तुमच्या रायफलीला जमलेली असतात.